घडीचा चाकू घेताय? आधी पातं बगा, मग मूठ

घडीचा चाकू घ्यायचा म्हणलं की आपल्याकडं माणूस पहिलं मूठ बगतो. शिंगाची आहे का लाकडाची, पितळ कसं चमकतंय, उघडताना खट्ट आवाज येतो का, अन् पात्याकडं नजर जाते ती सगळ्यात शेवटी, ती पण लांब किती एवढ्यापुरतीच. मी पण पहिले दोन चाकू असेच घेतले होते, दोन्ही टोकदार, दोन्ही एकाच पात्याचे, अन् दोन्ही आज पेटीत पडून आहेत कारण माझ्या कामाला त्यांचा आकारच जुळत नव्हता. जे कोणी आता पहिला चाकू घ्यायलेत त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय, पात्याचे आकार कोणते, कोणतं कशाला लागतं, अन् एका मुठीत दोन-तीन पाती असली तर जोडी कशी बगायची.

माझं काम सांगतो म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळंल. जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग आहे, बांधावर केसर आंब्याची झाडं, दावणीला चार जनावरं अन् दहा-बारा उस्मानाबादी शेळ्या. सकाळी चाकू निघतो तो खताच्या पोत्याची शिलाई तोडायला, मग सुतळी, मग ठिबकची लॅटरल नळी, दुपारी झाडाखाली भाकरीसंगं वाळूक अन् कांदा चिरायला, मधेच कोणाच्या तरी पायात बाभळीचा काटा, एखाद्या शेळीचा वाढलेला खूर, अन् हंगाम असला की कलम. ही सगळी कामं एका पात्यानं होत नाहीत, अन् होत असली तरी एकाच पात्यानं करू नयेत. माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आहे, बाकीचं त्याचं स्पष्टीकरण.

म्हणून दुकानात जायच्या आधी एक करा, आठ दिवस खिशात कागदाचा तुकडा ठेवा अन् चाकू लागला की कशाला लागला ते लिहा. सुतळी, दोरी, फळ, काटा, प्लास्टिक, जे असंल ते. माझ्या कागदावर टोकाचं काम दहात एक-दोनदाच निघालं, बाकी सगळं सरळ ओढून कापायचं. अन् मी मात्र लांब टोकाचे चाकू घेत बसलो होतो.

आता आकार.

सगळ्यात जास्त दिसतं ते क्लिप पॉइंट. पात्याची पाठ अर्ध्यापर्यंत सरळ येते अन् तिथून पुढचा भाग कात्रीनं कापून काढल्यासारखा खाली उतरतो, त्यामुळं टोक बारीक अन् अणकुचीदार राहतं अन् धारेला पुढं चांगलं पोट, म्हणजे बाहेर आलेलं गोल वळण, येतं. काटा काढायला, पाकीट टोचून फोडायला, फळाचा सडका डाग कोरून काढायला ह्याच्यासारखं दुसरं नाही. वाळूक, पेरू, कैरी चिरायला पण मस्त. पण टोक जेवढं बारीक तेवढं नाजूक, त्यानं डब्याचं झाकण उचकटलं की टोक गेलं म्हणून समजा. लांब निमुळत्या क्लिपला टर्किश क्लिप म्हणतेत, दिसायला लई देखणं, पण राकट कामाला मी ते देणार नाही.

स्पीअर पॉइंट म्हणजे भाल्यासारखं, दोन्हीकडून सारखं उतरत येऊन मधोमध टोक. स्विस चाकूचं मोठं पातं असतं ना, त्याच घराण्यातलं. टोक क्लिपपेक्षा मजबूत, सगळी कामं बऱ्यापैकी करतं. ज्याला एकच पातं ठेवायचंय त्यानं हे घ्यावं. ड्रॉप पॉइंट पण साधारण ह्याच्याच जवळचं, पाठ हळूच उतरते अन् टोक जरा वर राहतं.

आता माझं सगळ्यात आवडतं, अन् आपल्याकडं सगळ्यात दुर्लक्षित, शीपफूट. धार अगदी पट्टीसारखी सरळ, अन् पाठ पुढं येऊन एकदम गोल वळून धारेला मिळते, त्यामुळं टोक असं नसतंच. पहिल्यांदा बगणाऱ्याला वाटतं पातं मोडलेलंय. मेंढ्यांचे खूर तासायला हा आकार वापरायचे, जहाजावरच्या खलाशांना पण हाच आवडायचा कारण जहाज हललं तरी टोक कोणाला लागत नाही. मेंढ्यांना चालतंय तर शेळ्यांना का नाही म्हणून मी वापरून बगितला. सरळ धार असली की खुराची वाढलेली कड पातळ पातळ थरात निघते, आतल्या मऊ भागापर्यंत पातं जायच्या आधी हाताला कळतं, अन् शेळीनं पाय झटकला तरी टोक तिच्या अंगात घुसत नाही. मोठं वाढलेलं असंल तर अर्थात खूर कापायची कात्रीच पाहिजे, चाकू फक्त सारखं करायला.

ह्या पात्यानं एकदा वगार वाचवली आमची. पावसाळ्याचे दिवस, रात्री गोठ्यातून घरघर आवाज आला, जाऊन बगतो तर खुंट्याभोवती फिरून फिरून नायलॉनचं दावं गळ्याला आवळलेलं, गाठ एवढी बसलेली की सुटायचं नावच नाही. बोट मुश्किलीनं आत जात होतं. मी पातं आडवं करून त्याचं बोथट तोंड दोराखाली सरकवलं, पाठ कातडीकडं ठेवली, धार बाहेर फिरवली अन् ओढलं, दोन-तीन ओढीत दोर तुटला. लाईट गेलेली, वगार झटके मारतेय, अशा वेळी टोकदार पातं हातात असतं तर ते कुठं गेलं असतं ह्याचा विचार आजही नको वाटतो. तवापासून माझ्या खिशात शीपफूट नसलेला चाकू नसतोच. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्यानं हे पातं घ्याच, बाकी सगळं नंतर.

व्हार्नक्लिफ हा शीपफूटचाच भाऊ. धार तशीच सरळ पण पाठ लांबून हळूहळू उतरत येते, म्हणून शेवटी बारीक टोक राहतं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीनं १९व्या शतकात हा आकार चालवला, लॉर्ड व्हार्नक्लिफ यांचं नाव त्याला पडलं. लाकूड कोरायला, पट्टी लावून कागद-रेक्झिन कापायला, वायरचं इन्शुलेशन सोलायला फार छान, कारण जोर टाकलेला नेमका टोकावर येतो. इलेक्ट्रिशियन, कोरीवकाम करणारे, शिलाईवाले यांनी हे बगावं.

स्पे नावाचं पातं बऱ्याच चाकूत असतं अन् लोकांना कळत नाही ते कशाला. पोट गोल, पाठ सरळ, अन् शेवटी छोटा तिरका काप देऊन टोक मुद्दाम मारलेलं. ते जनावरांच्या खच्चीकरणासाठी केलेलं, टोक नको तिथं घुसू नये म्हणून. आपल्याकडं ते काम जनावरांचे डॉक्टर चिमट्यानं करतेत अन् त्यांच्याकडूनच करून घ्यावं, चाकूचा संबंध नाही. पण गोल पोटामुळं हे पातं कातडी काढायला, पिशवी आतला माल न फाटता वरून चिरायला, खरवडायला कामी येतं.

पेन ब्लेड म्हणजे छोटं, बारीक, बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं पातं. पिसाची लेखणी तासायचं पातं म्हणून हे नाव. आपल्याकडं त्याला कलमतराश म्हणायचे, मराठवाड्यात हा शब्द अजून जुन्या लोकांच्या तोंडी सापडतो, निजामाच्या काळात मोडी असू दे का उर्दू, लिहायचं तर बोरूनं, अन् बोरू तासायला कलमतराश लागायचाच. आमच्या आजोबांच्या दप्तराच्या पेटीत एक होता, पातं घासून घासून काडीएवढं राहिलेलं. आज पेन्सिल, औषधाची पट्टी, काटा, नखाजवळचं कुसळ, एवढ्यासाठी हे पातं ठेवायचं अन् बाकी कशाला लावायचं नाही.

हॉकबिल म्हणजे पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं, घडीचा छोटा ईळाच म्हणा ना. फांदी, वेल, दोर, अर्धापूरकडच्या केळीवाल्यांना वाळलेली पानं, जे काही ओढून कापायचंय त्याला हे सोपं कारण माल निसटून जात नाही. पण धार लावायला कटकटीचं, सपाट दगड आत बसत नाही, गोल दांडी लागते. ज्याच्याकडं चांगला ईळा आहे त्याला खिशात दुसरा कशाला पाहिजे.

आता जोडी कशी लावायची. नुसते वेगवेगळे आकार गोळा करायला दोन पाती नसतेत. खरं कारण आपल्या आज्ज्यांना बरोबर माहीत होतं, सोवळं अन् ओवळं. एक पातं सोवळ्याचं, त्यानं फक्त खायच्या वस्तू अन् स्वच्छ बारीक कामं, दुसरं ओवळ्याचं, त्यानं पोतं, दोरी, माती लागलेली लॅटरल, शेण लागलेलं दावं. युरियाचं पोतं फाडलेल्या पात्यानं तेच पुसून वाळूक चिरायचं हे मी रोज बगतो अन् रोज सांगतो, अरे बाबा त्या पोत्यावर काय काय सांडलेलं असतं, फवारणीच्या औषधाच्या बाटलीचं झाकण पण त्याच पात्यानं फोडलेलं असतं, ते पोटात जायलंय. औषधाच्या बाटलीला तर सोवळं-ओवळं कोणतंच पातं लावू नका. अन् पोत्यातली माती-रेती धार खाते, सोवळ्याचं पातं त्यापासून लांब राहिलं तर महिना-महिना धार टिकते.

ह्या हिशोबानं तीन पात्यांचा स्टॉकमन बगा. त्यात क्लिप, शीपफूट अन् स्पे असतेत, बंद केल्यावर साधारण साडेतीन ते चार इंच. नावाप्रमाणं अमेरिकेतल्या गुरं सांभाळणाऱ्यांसाठी तयार झालेला चाकू आहे, म्हणून आपल्या कामाशी त्याचं जमतं. मी क्लिप सोवळ्याला ठेवलंय, शीपफूट ओवळ्याला, अन् स्पे अडीअडचणीला. तीन पात्यांमुळं मूठ जाड होते अन् पाती एकमेकांना खेटून बसतेत, त्यामुळं घेताना जास्त बारकाईनं बगावं लागतं. अमेरिकेतल्या केस (Case) कंपनीचा स्टॉकमन अनेकांना आवडतो, त्यांच्या नंबरात एक सोय आहे, बहुतेक नंबरांत पहिला आकडा मुठीचा प्रकार सांगतो अन् दुसरा पाती किती ते, म्हणजे ६३१८ म्हणजे हाडाची मूठ, तीन पाती अन् १८ हा साचा.

ट्रॅपरमध्ये दोन लांब पाती, एक क्लिप अन् एक स्पे, दोन्ही एकाच टोकाकडून उघडणारी. शिकारीची कातडी काढायला केलेली जोडी, दिसायला सुंदर, पण शेतीवाल्याला त्यात सरळ धारच नाही म्हणून मला ती अर्धवट वाटते. जॅक नाईफमध्ये पण दोन्ही पाती एकाच टोकाला, मोठं क्लिप नाहीतर स्पीअर अन् सोबत छोटं पेन. शाळेतले शिक्षक, दुकानदार, ऑफिसवाले यांना हे पुरतं. काँग्रेस नावाचा एक प्रकार आहे, मूठ थोडी वाकलेली, त्यात शीपफूट अन् पेन अशी जोडी असते, कधी चार पाती पण. माझ्या मते आपल्या भागाला सगळ्यात जवळची जोडी हीच, पण आपल्याकडं पटकन मिळत नाही.

एकच पातं पाहिजे असंल तर सॉडबस्टर, रुंद पात्याचा शेतकऱ्याचा साधा चाकू. नाहीतर फ्रान्समधला ओपिनेल, १८९० पासून चालत आलेला, लाकडी गोल मूठ अन् १९५५ पासून पातं अडवायला फिरती कडी. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर असतं, पातळ, अन् कापायला एवढं गोड की कांदा कापताना आपोआप सरकतं. फक्त लाकडी मूठ आपल्या हवेत खेळ करते, पावसाळ्यात लाकूड फुगून पातं घट्ट बसतं, एप्रिल-मेमध्ये सुकून ढिलं पडतं. मुठीची खाच थोडी घासून अन् सांध्यात तेल सोडून हे बरंच कमी होतं. स्वित्झर्लंडमधला व्हिक्टोरिनॉक्सचा फार्मर पण चांगला पर्याय, ॲल्युमिनियमची मूठ, स्पीअर पातं, करवत अन् आरीसारखा टोच्या. पट्ट्याला, म्होरकीला भोक पाडायला तो टोच्या फार कामाचा, टोकाचं काम तो करतो म्हणून पात्याचं टोक वाचतं.

आता कलमाचा चाकू, ह्यावर मी जरा जास्त बोलणार कारण इथंच लोक सगळ्यात जास्त चुकतेत. तो वेगळाच ठेवायचा, जोडीत नाही. मोसंबीचा डोळा, म्हणजे काडीवरचा अंकुर, खुंटाच्या रोपात भरायचा चाकू साध्या चाकूसारखा दोन्ही बाजूंनी घासलेला नसतो, त्याला एकाच बाजूनं उतार असतो, दुसरी बाजू आरशासारखी सपाट. ती सपाट बाजू काडीला लागून चालते म्हणून काप एकदम सपाट येतो, अन् डोळ्याची साल खुंटाला पूर्ण चिकटून बसते. दोन्ही बाजूंनी उतार असलेलं पातं काडीत शिरलं की बाहेर ढकललं जातं, काप लाटेसारखा येतो, मधे हवा राहते, डोळा वाळतो. डावखुऱ्यांनी नीट बगून घ्या, त्यांना उलट बाजूचा उतार लागतो, उजव्या हाताचा चाकू त्यांच्या हातात काप घेतच नाही अन् ते स्वतःला दोष देत बसतेत. आमच्या भाच्याचं दोन हंगाम असंच झालं, पोरगं हुशार, हात चांगला, पण डोळे धरेनात, नंतर लक्षात आलं की चाकूच त्याच्या हाताचा नव्हता.

पात्याच्या पाठीला नाहीतर मुठीच्या शेवटी एक बोथट पट्टी असते, ती साल उचलायला. रंगपूर लिंबाच्या खुंटावर जमिनीपासून निदान वीतभर उंचीवर, कारण खाली बांधला की डिंक्या रोगाला आमंत्रण, टीसारखा काप घ्यायचा, आडवा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर अन् उभा इंचभर, फक्त सालीपुरता, लाकडात नाही. मग त्या पट्टीनं दोन्ही बाजूची साल हळूच उचलायची. साल सहज सुटली पाहिजे, ओढावी लागली तर झाडात रस चालू नाही, त्या दिवशी थांबा. डोळा काढताना पातं खालून वर एकाच ओढीत न्यायचं, करवतीसारखं मागं-पुढं केलं की काप गेला. आंब्याच्या अन् सीताफळाच्या मृदकाष्ठ, म्हणजे कोवळ्या फांदीवरच्या, कलमाला डोळ्याऐवजी काडीची पाचर असते, चार-पाच सेंटीमीटरची, दोन्ही बाजूंनी एकेका ओढीत, त्याला पण हाच सरळ धारेचा एकतर्फी चाकू. गोल पोटाच्या पात्यानं पाचर सरळ येतच नाही, कितीही हात बसलेला असू द्या.

अन् हा चाकू झाडाझाडाला निर्जंतुक करायचा. लिंबूवर्गात एक्सोकॉर्टिस नावाचा विषाणूसारखा रोग आहे, तो पात्याला लागलेल्या रसातून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. सोडियम हायपोक्लोराइट पातळ करून डब्यात ठेवा, एका मातृवृक्षाच्या काड्या झाल्या की पातं त्यात बुडवा, मग स्वच्छ पाण्यातून काढून पुसा. ते द्रावण लोखंड खातं, म्हणून संध्याकाळी पुसून तेल लावल्याशिवाय घडी घालायची नाही. ह्या चाकूनं पोतं नाही, सुतळी नाही, फळ नाही, कोणी मागितला तरी द्यायचा नाही. मी माझ्या भावाला पण देत नाही.

दुकानात हातात घेतल्यावर काय बगायचं ते सांगतो. पातं अर्धं उघडून अंगठ्यानं दोन्ही बाजूला हलवा, डगडग लागली तर ठेवून द्या. बंद करून वरून बगा, प्रत्येक पातं आपल्या खाचेच्या मधोमध बसलंय का, पितळेच्या पट्टीला घासत असंल तर धार रोज तिथंच मरणार. तीन पात्यांच्या चाकूत पाती एकमेकांना चुकवायला मुळाशी किंचित वाकवलेली असतेत, तो दोष नाही, घाबरू नका. बंद करताना पातं स्प्रिंगवर सटकन सोडू नका, काही चाकूत धार आतल्या स्प्रिंगला आपटते अन् मधेच एक जागा बोथट होते, कागदाची पातळ पट्टी आत ठेवून हळू बंद करा अन् पट्टीवर काप आला का बगा. नखाची खाच नखात बसते का, का नख मोडायची वेळ येते, हे पण तिथंच तपासा. मी एकदा फोटो बगून ऑनलाईन मागवला, शीपफूट म्हणून लिहिलेलं अन् आलं दुसरंच, धार पुढं गोल घासलेली. शीपफूटची धार टेबलावर उभी टेकवून उजेडाकडं बगा, खालून उजेडाची फट दिसली तर ती सरळ नाही.

एक लक्षात ठेवा, बहुतेक जुन्या घडणीच्या चाकूंना लॉक नसतो, स्प्रिंगच्या जोरावर पातं उभं असतं. टोकावर जोर दिला नाहीतर पाठीवर ठोकलं की ते बोटांवर मिटतं. टोचायचं काम टोच्यानं, ठोकायचं काम कोयत्यानं. सुपारी अडकित्त्यानं.

पोलादाचं थोडक्यात सांगतो. कार्बन स्टील पटकन धार घेतं अन् बारीक धार देतं, पण मोसंबीचा, कैरीचा रस लागला की काळं पडतं अन् कैरीला लोखंडाची चव येते. काळपट थर बसला की नंतर त्रास कमी होतो. सोवळ्याच्या पात्याला मी स्टेनलेसच बरं म्हणीन, ओवळ्याला अन् कलमाला कार्बन. आपल्या लोहारांकडं, घिसाड्यांकडं ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे ईळे-कोयते बनतेत, त्या पोलादाचं सरळ धारेचं छोटं पातं करून घेतलं तर ओवळ्याच्या कामाला विकतच्याला मागं टाकतं, पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, असलं म्हणजे झालं.

धार लावताना पण आकारच ठरवतो. सरळ धारेला सोपं, पूर्ण पातं दगडावर बसतं, एक कोन धरला की झालं. कोन कसा धरायचा तर पातं उभं धरा, ते ९०, त्याच्या निम्मं ४५, त्याच्या निम्मं साधारण २२, तिथून किंचित खाली आलात की रोजच्या चाकूला बरोबर. एका बाजूनं घासत राहा, पलीकडच्या कडेला बारीक खरखर बोटाला लागली की बाजू बदला. क्लिप अन् स्पेला पोटाच्या वळणावर येताना मूठ हळूच वर उचलायची, नाहीतर पुढचा भाग दगडाला लागतच नाही अन् सहा महिन्यांत पात्याचा आकार बिघडतो. शीपफूटला उलट, शेवटी मूठ अजिबात उचलू नका, उचलली की सरळ धार गोल व्हायला लागते. कलमाच्या चाकूची उताराची बाजूच घासायची, सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त खरखर काढायची. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठीच्या दिशेनं दहा-पंधरा वेळा ओढा. बाजारातल्या मशीनच्या चाकावर लावून घेऊ नका, ठिणग्या उडतेत तेव्हा धार तापते, पात्यावर निळी झाक आली की तिथलं पाणी उतरलं, मग ती धार किती पण लावा, दोन दिवस टिकत नाही.

कायद्याचं पण माहीत असू द्या. शस्त्र नियम २०१६ प्रमाणं ९ इंचापेक्षा लांब नाहीतर २ इंचापेक्षा रुंद पात्याची हत्यारं परवान्याच्या यादीत येतात, घरगुती अन् शेतीच्या कामासाठी बनवलेली सोडून. आपला तीन इंची चाकू त्यात बसत नाही. पण निवडणूक, सण, मोर्चाच्या दिवसांत जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागतो, तेव्हा चाकू घरी ठेवून गावात जा. खटका दाबला की उघडणारे चाकू शेतकऱ्याला कशालाच लागत नाहीत, त्यांच्या नादी लागू नका. विमानानं जायचं असंल तर हातातल्या बॅगेत ठेवू नका, सामानात टाका.

तेलाचं सांगायचं राहिलं. आपल्या घरात करडईचं तेल असतं अन् हाताला तेच लागतं, पण करडई अन् जवस ही वाळणारी तेलं आहेत, सांध्यात सोडली की काही दिवसांत चिकट डिंकासारखी होऊन पातं उघडायलाच येत नाही. खोबरेल हिवाळ्यात गोठतं. सांध्यात शिलाई मशीनचं तेल एक थेंब, अन् सोवळ्याच्या पात्यावर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन, बस. चामड्याच्या म्यानात पावसाळाभर चाकू ठेवू नका, चामडं ओल धरतं अन् कार्बनचं पातं आतल्या आत गंजतं. माझा कलमाचा चाकू हंगाम संपला की पुसून, तेल लावून, सुती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात जातो, अन् दर महिन्याला एकदा काढून बगतो.